क्लच दाबलेला असताना

सुनंदा मॅडम घाबरट होत्या. त्यांच्याबद्दल चांगलं काही लिहायच्या आधी हे लिहायला हवं, कारण त्या स्वतःही सगळ्यांना आधी हेच सांगायच्या. नवी मुलगी व्हॅनमध्ये बसायला आली की तिच्या आईबापासमोर म्हणायच्या, "मी लई भित्री बाई हाये बरं का. जल्दी पोचायचं असंल तर दुसरी गाडी बघा."

मला हे ऐकून राग यायचा. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. माझे बाबा प्रत्येक सभेतून, प्रत्येक मोर्चातून पत्रकं घेऊन यायचे. आमच्या फडताळात खाली पत्रकं अंथरलेली, गव्हाच्या डब्यावर पत्रक, माझ्या वह्यांची कव्हरं पत्रकांचीच. मी बाराखडीनंतर थेट पत्रकच वाचलं. त्यातल्या प्रत्येक वाक्यापुढे उद्गारचिन्ह असायचं आणि जवळपास प्रत्येकात कुठेतरी लिहिलेलं असायचं की भिऊ नका. म्हणून मला वाटायचं, भीती म्हणजे वरच्यांनी खालच्यांच्या अंगात घातलेला आजार. आणि इथे एक शिकलेली, नोकरी करणारी बाई स्वतःच्या तोंडाने सांगतेय की मी भित्री आहे!

मॅडम जालन्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होत्या. मॅडम म्हणायची सवय आम्हीच लावलेली. गावातून कॉलेजात जायला एसटी होती, पण ती आली तर आली. मुलं मोटरसायकलींना लटकून जायची. मुलींचे बाप म्हणायचे, बारावी झाली, बास झालं. मॅडमनी जुनी पांढरी व्हॅन घेतली आणि स्वतःबरोबर मुलींना न्यायला लागल्या, तेव्हापासून ते म्हणायला लागले, "मॅडमच्या गाडीत जात असंल तर जाऊ द्या." आमचं सगळ्यांचं शिक्षण या एका वाक्यावर उभं होतं. मॅडमना ते पक्कं ठाऊक होतं, आणि त्यांची निम्मी भीती त्यातूनच आली असावी.

गाडी चालवताना त्या साडीवर कॅनव्हासचे बूट घालायच्या, पेडलवरून चप्पल सटकते म्हणून. निघण्याआधी गाडीभोवती फिरून प्रत्येक चाकाचे नट बोटांनी चाचपायच्या. "आधी भिऊन घ्या, मंग बसा," असं म्हणायच्या. प्रयोगशाळेतही तेच. जेवायच्या सुट्टीत मेन स्विच बंद करायच्या, दाराला कुलूप लावायच्या, आणि जिना उतरून पुन्हा वर जाऊन स्विच बघायच्या. एखादा मुलगा उघड्या वायरीला बोट लावायला निघाला की म्हणायच्या, "ए हिरो, वायर तुला ओळखत न्हाई." मुलं हसायची. त्या हसायच्या नाहीत.

एकदा मोटरसायकलवरची चार टगी पोरं व्हॅनच्या मागे लागली. पत्र्यावर हात मारत होती, काचेशी येऊन काहीबाही बोलत होती. मी ओरडले, "मॅडम, थांबवा गाडी! मी बघते त्यांच्याकडं!"

"गप बस, मित्रा," मॅडम म्हणाल्या. माझं नाव संघमित्रा. त्या मित्रा म्हणायच्या. त्यांनी काचा वर घ्यायला लावल्या आणि वेग न वाढवता, न कमी करता, थेट वजनकाट्याच्या आवारात गाडी नेऊन उभी केली. तिथे दहा-पंधरा ट्रकवाले चहा पीत बसलेले. पोरं परस्पर पसार झाली. मॅडमनी चहा मागवला, पण कप बशीवर इतका वाजत होता की त्यांनी तो बॉनेटवर ठेवून दिला. मी दिवसभर धुमसत होते. या बाईनं पळ काढला असं मला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच रस्त्यानं त्यांनी गाडी काढली. माझ्या आईला मात्र त्या आदल्या संध्याकाळीच येऊन सगळं सांगून गेल्या होत्या. काही लपवायचं नाही, हा त्यांच्या भीतीचाच एक भाग होता. लपवलेली गोष्ट त्यांना झोपू देत नसे.

व्हॅनचं काम त्या स्वतः करत, यात कुणाला वाटतो तसला हौशीपणा नव्हता. पूर्वी एकदा मागच्या ब्रेकचं काम त्यांनी बाहेर करून घेतलं होतं. परत येताना गाडीतून टकटक ऐकू यायला लागली. उतरून बघतात तर चाकाचे नट हातानं फिरतायत. मेकॅनिक चहाला उठला होता आणि आल्यावर नट आवळायचे विसरला होता. त्या दिवशी गाडीत आम्ही सगळ्या होतो. "मी न बघितलेल्या नटावर मी पोरी बसवणार न्हाई," एवढंच त्या म्हणाल्या. तेव्हापासून त्या निघण्याआधी नट चाचपायला लागल्या, आणि पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन शिकायलाही. मोबाइलवर व्हिडिओ लावायच्या, थांबवायच्या, पुन्हा लावायच्या. ऑइल बदलणं, ब्रेकचे लायनर, पंख्याचा पट्टा, असं करत करत गोष्ट क्लचपर्यंत आली.

उड्डाणपुलाच्या चढावर व्हॅन मागे मागे राहायला लागली होती. इंजिन ओरडायचं, गाडी मात्र रेंगाळायची, आणि जळका वास यायचा. क्लच प्लेट झिजली होती. मॅडमचे यजमान दिगूभाऊ एमआयडीसीत सळया बनवणाऱ्या मिलमध्ये कामाला होते. ते म्हणाले, "सुनंदा, हे घरचं काम न्हाई. गॅरेजला टाक."

"गिअरबॉक्स खाली घ्यायला तुम्ही हात लावा, बाकी मी बघते," मॅडम म्हणाल्या.

आमचं घर समोरच. शनिवारी दुपारी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. गिअरबॉक्स दोघांनी मिळून जुन्या टायरवर उतरवला होता. नवी प्लेट कागदावर ठेवलेली. ताटलीएवढी, गोल, मध्ये लोखंड आणि त्यात स्प्रिंगा. ही प्लेट म्हणजे इंजिन आणि चाकं यांच्यामधला सांधा. पेडल दाबलं की हा सांधा सुटला पाहिजे. इंजिन चालू राहून गाडी जागेवर थांबली पाहिजे. प्लेटला दोन बाजू असतात. एक सपाट, ती इंजिनकडे. दुसरीला मधोमध उंचवटा, ती गिअरबॉक्सकडे. उलटी बसली तर सगळं मुसळ केरात.

मॅडमच्या सासूबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आल्या. मॅडम त्यांना आत्याबाई म्हणत. नवी वस्तू पूजेशिवाय गाडीत जाणार नाही, हा आत्याबाईंचा कायदा. माझ्या ओठांवर भाषण आलंच होतं, पण मॅडमनी त्यातूनही सोय काढली. सपाट बाजू वर करून म्हणाल्या, "आत्याबाई, इथंच लावा, या लोखंडावर. कुंकू इंजिनकडं. मला खूण व्हईल."

आत्याबाईंनी बोट टेकवलं. मॅडम पुन्हा गाडीखाली गेल्या. मी तेव्हा पेपर वाचत होते. बऱ्याच वेळानं मॅडमनी खालून हात बाहेर काढला, आत्याबाईंनी त्यात प्लेट दिली, मॅडमनी कुंकू बघितलं, ते इंजिनकडे करून प्लेट बसवली. अंधार पडायच्या आत सगळे बोल्ट आवळून झाले. गाडी चालवून बघायचं त्यांनी रविवार सकाळवर टाकलं. "दमलेल्या हातानं गाडी सुरू करायची न्हाई," म्हणाल्या.

सकाळी मॅडम सीटवर बसल्या. हँडब्रेक ओढलेला. इंजिन सुरू केलं, क्लच तळापर्यंत दाबला आणि पहिला गिअर टाकायला गेल्या. गिअर जाईना. करकर आवाज आला. त्यांनी पुन्हा जोर लावला, आणि नेमक्या त्याच वेळी आत्याबाई चाकाखाली लिंबू ठेवायला पुढे येऊन वाकल्या.

गिअर पडला. मॅडमचा पाय क्लचवर पूर्ण दाबलेला होता, हे मी शपथेवर सांगेन, मी उघड्या दारातून तिकडेच बघत होते. तरी व्हॅननं उडी मारली. दिगूभाऊंनी आईला दंडाला धरून ओढलं. व्हॅन समोरच्या वाळूच्या ढिगात घुसली आणि आचका देऊन बंद पडली. आत्याबाई जिथे वाकल्या होत्या तिथे आता चाक होतं.

आत्याबाई जमिनीवर बसल्या होत्या, हातात लिंबू तसंच. मॅडम स्टिअरिंग सोडत नव्हत्या. दिगूभाऊंनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

"लागलं का वं आत्याबाई?" मॅडमनी विचारलं.

"मला काय व्हतंय," आत्याबाई म्हणाल्या, "पण तुझी गाडी म्हशीवानी अंगावर आली की गं!"

मॅडम उतरल्या, भिंतीशी गेल्या आणि त्यांना उलटी झाली. मग तोंड धुऊन येऊन त्यांनी मला विचारलं, "मित्रा, आपण रोज एमआयडीसीच्या चौकात कुणाच्या मागं थांबतो?"

मला एकदम कळलं. त्या चौकात आमच्या पुढे बहुतेक वेळा सळयांचा ट्रक असायचा. सळया मागून हातभर-दोन हात बाहेर आलेल्या, टोकाला लाल फडकं. त्यांच्या मागे आम्ही उभ्या असायचो, गिअर टाकून, क्लच दाबून, हिरवा दिवा लागायची वाट बघत. पुढच्या सीटवर मी.

"उद्या त्या चौकात असं झालं असतं," मॅडम म्हणाल्या आणि वाक्य तिथंच सोडलं.

दिगूभाऊ म्हणाले, "आता तरी गॅरेजला टाकू."

"आता तर न्हाईच. काय चुकलं ते मला माझ्या डोळ्यानं बघायचंय. त्याशिवाय मी या गाडीत बसू शकत न्हाई."

मग त्यांनी शोधायला सुरुवात केली. मी माणसं रागानं काम करताना पाहिली आहेत, जिद्दीनं करताना पाहिली आहेत. भीतीनं इतकं नेटकं काम करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आधी त्यांनी सोपं तेच धरलं. पेडलपासून जाणारी केबल ढिली असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. केबलचा नट आवळून बघितला; फरक नाही. दिगूभाऊंना पेडल दाबायला बसवून स्वतः खाली झोपून बघितलं. बाहेरची दांडी पुरेपूर हलत होती. मग मागची चाकं विटांच्या थप्पीवर घेतली. इंजिन बंद, गिअर टाकलेला, पेडल दाबलेलं. "दोघी मिळून फिरवू," म्हणाल्या. एका चाकाला त्या, दुसऱ्याला मी. सांधा सुटला असता तर चाकं फिरायला हवी होती. आम्ही पाय रोवून जोर लावला. चाकं हलली नाहीत.

"बाहेर काही न्हाई. जे हाये ते आत हाये," मॅडम म्हणाल्या. गिअरबॉक्स पुन्हा खाली आला. मॅडमनी टॉर्च आत मारला. प्लेट काढून बघितली आणि गोंधळल्या. "कुंकू तर इंजिनकडंच हाये. बराबर हाये." पण इंजिनाच्या टोकाला, प्लेटसमोर जी जड चकती फिरते तिच्यावरच्या बोल्टांची डोकी घासून चकाकत होती. प्लेटचा उंचवटा त्यांच्यावर घासला होता. म्हणजे उंचवटा इंजिनकडे होता. आणि कुंकू त्या उंचवट्यावर होतं.

मॅडम हळूच म्हणाल्या, "आत्याबाई, कुंकू मी इकडं सपाट बाजूला लावायला सांगितल्तं."

"लावल्तं की," आत्याबाई म्हणाल्या. "तू खाली गेल्यावर मी नीट बघितलं. ती तर पाठ होती तिची. पाठीला कुणी कुंकू लावतं का? मंग मी पदरानं पुसलं आन् ह्या बाजूला कपाळ दिसलं, तिथं लावलं."

खरंच, तो उंचवटा कपाळासारखाच दिसत होता.

मला स्फुरण चढलं. अंधश्रद्धा माणसाचा जीव घेते याचा इतका धडधडीत पुरावा मला आजवर मिळाला नव्हता. पत्रकाचा मथळासुद्धा मनात तयार झाला. मी आत्याबाईंना म्हणाले, "बघा! तुमच्या कुंकवानं आज तुम्हीच..."

"मित्रा!" मॅडम ओरडल्या. मी त्यांचा आवाज कधी चढलेला ऐकला नव्हता. "त्यांनी कपाळाला कुंकू लावलं. त्यात त्यांचं काय चुकलं? दुसऱ्याच्या देवावर माझी खूण ठेवली मी. आन् बसवताना सपाट का उंच, हे बोटानं चाचपलं न्हाई. सगळे नट चाचपते, आन् हीच चाचपली न्हाई."

आत्याबाई त्यानंतर दिवसभर जेवल्या नाहीत. संध्याकाळी मॅडमनीच त्यांना चार घास भरवले.

प्लेट सुलटी बसली. केबल नीट लावली. विटांवर चाकं तशीच ठेवून, पेडल दाबून आम्ही पुन्हा चाकं फिरवली, फिरली. मॅडम एकट्या गाडी घेऊन मोकळ्या माळावर गेल्या. लांबून आम्हाला दिसत होतं. गाडी चालायची, थांबायची, चालायची, थांबायची. दिगूभाऊ वैतागले. "झालं की आता! मोटर का बिघडवायचीय?" त्या परत आल्या तेव्हा ब्लाउज घामानं भिजला होता.

आता हे इथं संपायला हवं होतं. गाडी दुरुस्त झाली होती, कुणाला खरचटलंही नव्हतं. दिगूभाऊ म्हणाले, "चार घरात गाजावाजा करू नको. पोरींचे बाप कसे हायेत तुला ठाऊक हाये."

"ठाऊक हाये म्हणून तर भेव वाटून राह्यलं," मॅडम म्हणाल्या आणि पायात चपला सरकवून निघाल्या.

त्या घरोघर गेल्या. मी बरोबर होते. प्रत्येक दारात तेच वाक्य: क्लच मी स्वतः बदलला, प्लेट उलटी बसवली, गाडी अंगावर गेल्ती, आता नीट केली, उद्या पोरगी पाठवायची का न्हाई ते तुम्ही ठरवा. बहुतेकांना क्लच म्हणजे काय हेच नीट कळलं नाही. "तुम्ही हाव ना मॅडम, मंग काय," म्हणाले. माझे बाबा म्हणाले, "पोरगी पुढच्या सीटवरच बसंल."

शेवटचं घर नामदेवभाऊंचं. ते एमआयडीसीत टेम्पो चालवायचे. त्यांना सगळं कळलं. त्यांची पूजा आमच्यात सगळ्यात हुशार. दाराआडून ऐकत होती.

नामदेवभाऊ म्हणाले, "प्लेट उलटी? आन् तुम्ही चालू करून बघितली?"

"हो."

"मॅडम, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. तुम्ही इतक्या भिणाऱ्या बाई. तुमच्याच हातून हे झालं, तर मंग कुणाचा भरवसा धरायचा?" त्यांनी दाराआडच्या पूजाकडे पाहिलं. "तुम्ही खरं सांगितलं म्हणूनच घाबरलो मी. पूजा थांबंल काही दिवस."

परतताना मी मॅडमशी भांडले. खरं बोलल्याची शिक्षा त्या मुलीला का? आणि बापाला समजावायचं सोडून तुम्ही मान खाली घालून उभ्या का राहिलात?

काही दिवसांचे काही आठवडे झाले. पूजाकडे पाहुणे येऊन राह्यले, अशी बातमी आली. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं पाहुणे म्हणजे काय. मॅडम रोज सकाळी तिच्या दारात व्हॅन थांबवायच्या. हॉर्न वाजवायच्या नाहीत. इंजिन चालू ठेवून थोडा वेळ उभ्या राहायच्या. मागच्या सीटवर तिची जागा रिकामी. कुणी बॅग ठेवली तर उचलायला लावायच्या. मुली कुरकुरायच्या, "मॅडम, उशीर व्हतोय." दार उघडत नसे. मॅडम निघायच्या, आणि चौकात सळयांच्या ट्रकपासून इतक्या लांब थांबायच्या की मागच्या गाड्या शिव्या द्यायच्या.

मला संभाजीनगरला पुढच्या शिक्षणासाठी जायचं होतं. निघाले त्या सकाळी मी सामान घेऊन रिक्षात बसले होते. रिक्षावाला आणखी एका माणसाची वाट बघत होता. रिक्षा उभी होती तिथून समोरच नामदेवभाऊंचं घर. व्हॅन येऊन थांबली. आज दार उघडलं. नामदेवभाऊ बनियनवर बाहेर आले आणि म्हणाले, "उतरा मॅडम. मला बघू द्या."

मॅडम उतरल्या. नामदेवभाऊ सीटवर बसले. इंजिन चालूच होतं. त्यांनी क्लच दाबला, गिअर टाकला. गाडी जागेवर थांबून राहिली. ते कान देऊन ऐकत होते. एवढ्यात मॅडम चालत पुढे गेल्या आणि व्हॅनच्या तोंडासमोर उभ्या राहिल्या. साडी बंपरला लागत होती. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. दोन्ही हातांनी पदर घट्ट धरलेला.

"अहो मॅडम, हे काय करून राह्यल्या? बाजूला व्हा!" नामदेवभाऊ ओरडले. "मी गिअरात हाये!"

"मला ठाऊक हाये."

"माझा पाय थरथरून राह्यला! सुटंल ना!"

"मलाबी लई भेव वाटून राह्यलं, नामदेवभाऊ," मॅडम डोळे न उघडता म्हणाल्या. "जल्दी पूजाला बसू द्या."

आमचा रिक्षावाला बिडी हातात धरून तसाच उभा होता. दारात पूजा आली होती, एका पायात चप्पल. तिनं बापाकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं. दुसरी चप्पल तिथेच टाकून ती धावली, आणि व्हॅनचा दरवाजा खडखडत मागे सरकला.